विश्रांतीची मात्रा

संपादक मंडळाने यंदा आपल्याच विषयावर, पण सर्वांना समजेल असे काही लिहावे अशी सूचना केली आहे. ही अट अवघड आहे. या स्मरणिकेचे निम्मे वाचक माझे व्यवसायबंधू आणि भगिनी आहेत आणि उरलेले निम्मे आमचे रुग्ण. दोघांनाही एकाच वेळी सांगावे असे माझ्यापाशी एकच आहे आणि ते काहीसे माझ्याच विरुद्ध जाणारे आहे. आम्ही डॉक्टर मंडळी विश्रांती फार सैल हाताने लिहून देतो आणि आपण ती फार मनापासून पाळता. या दोहोंच्या मध्ये सापडून हाडे झिजतात.

२०११ सालची गोष्ट. वडोदऱ्यातील ज्या वाड्यात माझे लहानपण गेले, तेथील एक काकू कंबर धरून दवाखान्यात आल्या. वय ६८. पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली होती. क्ष-किरण चित्रात कमरेचा एक मणका दबलेला दिसला. अस्थिभंग स्थिर होता, मज्जारज्जूला धोका नव्हता, पायांतील ताकद उत्तम होती. मी वेदनाशामक लिहिले, कॅल्शियम लिहिले, ड जीवनसत्त्व लिहिले आणि खाली एक ओळ घातली, ‘पूर्ण विश्रांती’. गोळ्यांपुढे दिवसातून किती वेळा आणि किती दिवस हे लिहिलेले होते. विश्रांतीपुढे काहीच नव्हते.

काकूंचे घर माणसांनी भरलेले आणि मायेचे. सुनेने स्वयंपाकघर तर हातातून काढून घेतलेच, पण पाण्याचा पेलासुद्धा पलंगापाशी नेऊन देऊ लागली. नातवंडे पायांपाशी बसून पाय चेपीत. वेदना तीन आठवड्यांत उतरली, तरी आज्ञा उठविण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. साडेचार महिन्यांनी एका रात्री न्हाणीघराकडे जाण्यासाठी त्या एकट्याच उठल्या आणि पलंगाशेजारीच पाय दुमडून बसल्या. खुबा मोडला. शस्त्रक्रियेपूर्वी तपासताना त्यांची मांडी माझ्या दोन तळव्यांच्या वेढ्यात मावली. “काकू, इतके दिवस झोपूनच होतात?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “अरे, तूच म्हणाला होतास ना, उठायचं नाही म्हणून? मी तर तुझं अक्षरन् अक्षर पाळलं.”

शस्त्रक्रिया निर्वेध पार पडली. पुढे वॉकरशिवाय त्या चालू शकल्या नाहीत आणि चौदा महिन्यांनी गेल्या. त्यांचा केसपेपर मी माझ्या खणात ठेवला आहे.

त्यांचे हाड म्हातारपणाने ठिसूळ झालेले होते हे खरे. तथापि पहिल्या अस्थिभंगापासून दुसऱ्यापर्यंत जे घडले ते सर्व म्हातारपणाच्या माथी मारणे हा अप्रामाणिकपणा होईल. त्याचे कारण समजून घेण्यासाठी हाडाविषयीची एक रूढ समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागेल. हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की उभा, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. कोठे मोडायचे आणि कोठे बांधायचे याचा निर्णय मुख्यतः भारावर अवलंबून असतो. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली आपल्या ग्रंथात हाडाची अंतर्रचना त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलते हे मांडले. आम्ही ते पहिल्या वर्षी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

मात्र ‘भार’ म्हटले की डोळ्यांपुढे शरीराचे वजन येते आणि तेथेच चूक होते. हाडावर सर्वांत मोठा जोर लावतो तो स्नायू. एका पायावर उभे राहून पाहा. तोल सांभाळण्यासाठी खुब्याच्या बाहेरचे स्नायू ओटीपोटाचे हाड खाली खेचून धरतात. ते सांध्याच्या अगदी जवळ जोडलेले असल्याने त्यांना फार जोर लावावा लागतो. विहिरीच्या रहाटावरची तरफ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. परिणामी मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब पडतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर दीडशे किलोहून अधिक दाब, आणि तोही नुसता उभा असताना. पलंगावर निजल्याने शरीराचे वजन काही नाहीसे होत नाही. नाहीसा होतो तो हा ओढा.

अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८७ साली या व्यवस्थेला ‘मेकॅनोस्टॅट’ असे नाव दिले. घरातील गीझर जसा ठरावीक उष्णतेला बंद होतो आणि पाणी निवले की पुन्हा सुरू होतो, तसे हाड आपल्यात किती बाक येतो ते मोजत असते. जोरकस हालचालीत हाडाचा पृष्ठभाग हजारात दोन-तीन भाग इतका ताणला किंवा दाबला जातो. बाक एका मर्यादेच्या वर गेला तर हाड स्वतःला जाड करते; बराच काळ तो फारच कमी राहिला तर हा माल अनावश्यक आहे असे समजून ते काढून टाकते. हे मोजमाप करतात हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. हाडातील नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी याच असतात. केसाहूनही बारीक नळ्यांतून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड किंचित वाकले की नळ्यांतील द्रव सरकतो आणि त्या सरकण्याची जाणीव त्यांना होते. हालचाल थांबली की त्या स्क्लेरॉस्टिन नावाचे प्रथिन अधिक सोडतात आणि त्याने हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मंदावते. मी शिकत होतो तेव्हा ऑस्टिओसाइट म्हणजे हाडात अडकून पडलेली निवृत्त पेशी असे आम्हाला सांगत. आज तीच मुकादम ठरली आहे.

क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन या दोघांचा १९८४ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी कोंबड्याच्या पंखातील एक हाड स्नायूंच्या भारापासून वेगळे केले. भाराविना ते झिजू लागले. मग यंत्राने त्यावर रोज ठरावीक वेळा दाब दिला. दिवसाला केवळ ४ दाब दिले तरी झीज थांबली. ३६ दाब दिले तर हाड वाढले. त्यापुढे शेकड्यांनी दाब वाढवूनही अधिक लाभ झाला नाही. ३६ दाब म्हणजे दोन मिनिटांचेही काम नव्हे. हाडाला फार वेळ नको असतो, जोर हवा असतो आणि तो रोज हवा असतो. काकूंना दिवसातून पाच वेळा खुर्चीतून उठविले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मला या प्रयोगाने दिला आहे. त्याचे उत्तर कोंबड्यावरून काढता येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

माणसांवरील पुरावा मात्र भरपूर आहे. १९४८ साली न्यूयॉर्क येथील डाइट्रिक आणि सहकाऱ्यांनी चार निरोगी तरुणांना कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टरमध्ये सहा-सात आठवडे निजवून ठेवले. जेवण पुरेसे होते, आजार कोणताही नव्हता, तरी लघवीवाटे जाणारे कॅल्शियम जवळजवळ दुप्पट झाले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या लेब्लांक यांच्या अभ्यासात सहा पुरुष सतरा आठवडे अंथरुणावर राहिले. टाचेच्या हाडातील खनिज सुमारे दहा टक्क्यांनी घटले. कमरेचे मणके आणि खुबा येथील घट चार टक्क्यांच्या आसपास होती. पुन्हा हिंडू-फिरू लागल्यावर सहा महिन्यांनीही ती सर्व भरून निघालेली नव्हती. जाते आठवड्यांत आणि परत यायला महिने लागतात, कित्येकदा पूर्ण येतही नाही. हे सारे धडधाकट पुरुष होते. म्हातारपणी स्नायू किती लवकर जातो याचा अंदाज २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून येतो. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. दहा दिवस म्हणजे साध्या न्यूमोनियाचा रुग्णालयातील मुक्काम.

मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स २८६ दिवसांनी अंतराळातून परतल्या आणि त्यांना स्ट्रेचरवरून नेताना साऱ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव झुलासण आपल्या मेहसाणा जिल्ह्यातले, त्यामुळे आमच्या गुजरातेत तर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण मला विचारी, त्यांच्या हाडांचे काय झाले असेल? प्रश्न योग्य होता. अंतराळात वजन नसल्याने स्नायूंना ओढायला काही उरत नाही आणि खुब्याचे हाड दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते, असे रशियाच्या ‘मीर’ स्थानकावरील अंतराळवीरांत आढळले होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्री साधारण वर्षभरात जितके हाड गमावते तितके तेथे महिन्यात जाते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २००८ सालापासून वजन उचलल्यासारखा जोर देणारे एक भारी यंत्र आहे आणि तेथील प्रत्येकाच्या दिनक्रमात रोज सुमारे दोन तासांचा व्यायाम असतो. ते यंत्र नीट वापरणाऱ्यांची, पुरेसे खाणाऱ्यांची अस्थिघनता बऱ्याच अंशी टिकते असे २०१२ सालच्या अहवालात दिसून आले. जमिनीपासून चारशे किलोमीटरवर जी काळजी घेतली जाते, ती आमच्या पलंगावरच्या आजीच्या वाट्याला येत नाही. तिच्या वाट्याला येते कॅल्शियमची गोळी.

कॅल्शियमबद्दल मला काही वाकडे बोलायचे नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता तर आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे. परंतु विटा आणून टाकल्याने भिंत उभी राहत नाही. याचा सर्वांत स्पष्ट दाखला माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी रोज पाहिला आहे; नव्या पिढीला तो सुदैवाने दिसत नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यापूर्वीच्या काळातील, लहानपणी एक पाय लुळा पडलेल्या माणसाच्या दोन्ही मांड्यांचे क्ष-किरण चित्र आठवा. एक हाड भरदार आणि दुसरे बासरीसारखे बारीक, पातळ सालीचे. दोन्ही पायांत तेच रक्त, तेच दूध, तेच कॅल्शियम, तेच अंतःस्राव. फरक होता तो केवळ स्नायूंचा. याच्या उलट चित्र टेनिसपटूंचे. १९७७ साली ८४ व्यावसायिक खेळाडूंच्या दंडाचे हाड तपासले गेले. खेळत्या हातातील हाडाच्या सालीची जाडी दुसऱ्या हाताच्या मानाने पुरुषांत सुमारे ३५ टक्क्यांनी आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्क्यांनी अधिक होती. एकाच शरीरातील दोन हाडे. मला यापुढे कोणतेही आकडे नसते तरी चालले असते.

आता हे सर्व ठाऊक असताना आम्ही ‘पूर्ण विश्रांती’ का लिहितो? ब्रिटिश वैद्य रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला तो १९४७ साली. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही. माझ्या मते कारण निराळे आणि फारसे भूषणावह नाही. मी रुग्णाला उठविले आणि ती पडली, तर घरचे लोक मला विचारतील. मी तिला निजवून ठेवले आणि ती हळूहळू खंगली, तर ते मला नमस्कार करून म्हणतील की डॉक्टरांनी शेवटपर्यंत प्रयत्न केले. विश्रांती जास्त दिली म्हणून माझ्याकडे आजवर एकही नातेवाईक तक्रार घेऊन आलेला नाही. काकूंच्या मुलाने तर तेराव्याला माझे आभार मानले होते. ते आभार मी घेतले, ही खंत मला आहे.

दुसरे कारण आपल्या घरांत आहे आणि त्याविषयी बोलताना जिभेला थोडा आवर घालावा लागतो. आपल्याकडे सेवा म्हणजे समोरच्याला काही करू न देणे. सासूबाईंनी स्वतः उठून पाणी घेतले तर सुनेला लाज वाटते आणि शेजारीण बघत असेल तर अधिकच. वडिलांनी भाजीची पिशवी उचलली तर मुलगा धावतो. भावना निर्मळ आहे. परंतु त्या पिशवीतले चार किलो म्हणजे वडिलांच्या मणक्यांना दिवसभरात मिळणारा बहुधा एकमेव जोरकस संदेश असतो. पूर्वी पाटावर बसून दोन वेळा जेवण, मग पूजा, मग निवडणे-टिपणे, या सर्वांत म्हातारे माणूस दिवसातून आठ-दहा वेळा जमिनीवरून स्वतःचे सगळे वजन उचलीत असे. गुडघे झिजलेल्यांना ते आता जमणार नाही आणि त्यांनी करूही नये. पण ज्यांना जमते त्यांनाही आम्ही वयाच्या साठीला डायनिंग टेबल आणि सोफा भेट देऊन बसवितो. मी स्वतः माझ्या आईला तेच केले.

व्यवसायबंधूंचे एक-दोन आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझेही होते. अस्थिघनता कमी झालेल्या बाईला वजन उचलायला लावणे धोक्याचे नाही का? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी रजोनिवृत्तीनंतरच्या, कमी अस्थिघनतेच्या १०१ स्त्रियांवर आठ महिने हाच प्रयोग केला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध केला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली खरोखरीचे भारी वजन उचलले; एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक, पाच-पाच वेळा. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांतील घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची एका टक्क्याहून थोडी अधिक घटली. भारी वजन उचलणाऱ्या गटात पाठीची एक किरकोळ उसण सोडली तर इजा झाली नाही. यावरून उद्यापासून सर्व आजींना जिममध्ये धाडा असे मी म्हणत नाही. तेथे शिकविणारे जाणकार होते आणि वजन हळूहळू वाढविले होते. मणका नुकताच दबलेला असेल तर पुढे वाकून काही उचलणे निश्चितच वर्ज्य. पण ‘जपून राहा’ या दोन शब्दांमागे आपण जी खात्री बाळगतो, तिला आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. तीन टक्क्यांनी काय होणार? प्रौढ वयात व्यायामाने हाड फार वाढत नाही हे मान्य केलेच पाहिजे. ज्याचे हाड एकदा मोडले आहे किंवा घनता फार खाली गेली आहे, त्याला औषध हवेच. ते न देता सूर्यनमस्कार सांगणारा डॉक्टर मला नको. मात्र व्यायामाचा लाभ घनतेच्या यंत्रावर जेवढा दिसतो तेवढाच नसतो. हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळे, आणि पडणे आवरतो तो मांडीचा स्नायू. २०१९ सालच्या कॉक्रेन समीक्षेनुसार व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. पुन्हा औषधाचीच भाषा हवी असेल तर हेही सांगतो. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रोमोसोझुमाब हे महागडे इंजेक्शन ज्या स्क्लेरॉस्टिनला अडविते, तेच स्क्लेरॉस्टिन स्नायूंच्या जोराने कमी होते.

येथे कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्या आपल्या मंडळाची थोडी नाराजी ओढवून घेतो. मीही त्यांच्यातलाच एक आहे. चार फेऱ्या, गप्पा आणि रविवारी सेव-उसळ. हृदयाला, साखरेला आणि मनाला हे फार चांगले आहे, निदान सेव-उसळ सोडून. परंतु रोज त्याच संथ गतीने चालण्याची हाडाला सवय होऊन जाते आणि ते नवे काही बांधीत नाही. सायकल आणि पोहणे यांचेही तसेच. स्पर्धेत उतरणाऱ्या सायकलपटूंची कमरेची हाडे कित्येकदा चारचौघांहूनही कमकुवत आढळतात. फेऱ्यांत एक जिना घाला, उतरताना शेवटच्या पायरीवरून हलकीशी उडी मारा, ज्यांचे गुडघे आणि तोल ठीक असतील त्यांनी. एवढा बदलही हाडाच्या कानी पडतो.

तथापि खरी कमाई साठीनंतर होत नसते, आणि आई-वडिलांनी या लेखातील एकच परिच्छेद वाचायचा झाला तर तो हा वाचावा. वयात येताना उंची सर्वांत वेगाने वाढते, त्या दोनच वर्षांत प्रौढपणीच्या एकूण हाडाचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. मुलींच्या बाबतीत ही वर्षे बाराव्या-तेराव्याच्या आसपासची. पाळी सुरू होण्यापूर्वी खेळू लागलेल्या मुलींच्या खेळत्या हातातील हाडाचा लाभ उशिरा खेळू लागलेल्यांच्या दुपटी-चौपटीपर्यंत असतो, असे फिनलंडमधील एका अभ्यासाने १९९५ साली दाखविले. त्या वयात केलेली हाडाची रुंदी पुढे खेळ सुटल्यावरही बरीच टिकते. आणि नेमक्या याच वयात आपण मुलीचा खेळ बंद करतो. ती मोठी झाली म्हणून, शिकवण्या सुरू झाल्या म्हणून, ऊन लागते म्हणून. ज्या शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी पिढ्या घडविल्या, जेथे शिकून गेलेल्या कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभारले, त्या शहरातील मराठी घरांत आज नववीतल्या मुलीला पोटदुखी नसतानाही व्यायामाच्या तासातून सूट देणारी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी आमच्यापैकीच कोणीतरी लिहितो. मी लिहिली आहे.

विश्रांतीला स्थानच नाही असे कोणी समजू नये. अस्थिर अस्थिभंग, तीव्र संसर्ग, असह्य वेदना यांत ती हवीच. माझे म्हणणे इतकेच की ती औषध असेल तर तिची मात्रा लिहावी. मणका दबलेल्या रुग्णाला मी आता जे लिहून देतो ते असे. पहिले दोन-तीन दिवस वेदनेपुरते पडून राहणे. तिसऱ्या दिवसापासून कोणाचा तरी हात धरून घरात चालणे, दिवसातून सहा वेळा. जेवण पलंगावर नाही, खुर्चीत. पाणी स्वतः उठून घेणे. वाकणे आणि ओझे उचलणे सहा आठवडे बंद. दुसऱ्या आठवड्यापासून हात न टेकता खुर्चीतून उठणे, पाच वेळा, दिवसातून तीनदा. पुढची तपासणी अमुक तारखेला, आणि त्या दिवशी ही चिठ्ठी रद्द समजावी. शेवटची ओळ मी रुग्णासमोर नव्हे, सुनेसमोर मोठ्याने वाचून दाखवितो. यात माझी चार मिनिटे जातात आणि बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात.

आपल्या संस्थेच्या वार्षिक शिबिरात दर वर्षी एखादी औषध कंपनी टाचेच्या हाडाची घनता मोजणारे यंत्र आणून ठेवते. लोक रांग लावतात, कागदावर एक आकडा घेतात आणि कॅल्शियमची पट्टी घेऊन घरी जातात. त्या यंत्राशेजारी या वर्षी एक खुर्ची ठेवावी अशी माझी सूचना आहे. हात छातीशी घडी करून पाच वेळा उठायचे आणि बसायचे. बारा सेकंदांहून कमी वेळ लागला पाहिजे. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरविलेली ही मर्यादा आहे आणि तिला कोणत्याही कंपनीचे यंत्र लागत नाही. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर त्या व्यक्तीला गोळीबरोबर फिजिओथेरपिस्टचे नाव आणि तारीख लिहून द्यावी. घड्याळ धरायला आपल्या संस्थेतील तरुण डॉक्टर पुष्कळ आहेत. खुर्ची मी घरून आणीन. लाकडी, बिनहातांची, सतरा इंच उंच.